नावेचं एक जुनं बटण

नातीच्या रेनकोटची सैल झालेली टिचबटणं बदलायला बसले. पहिलंच बटण ‘टिच्’ करून बसलं आणि गंगाखेडचं आमचं ताडपत्रीचं दुकान आठवलं.

तहसील कचेरीची ॲल्युमिनियमची नाव दुकानापुढे आणून ठेवली होती. गोदावरीला पूर आला की माणसं काढायला तीच जायची. उन्हानं पत्रा तापलेला, नावेवर ताणायच्या झाकणाच्या जाड कापडाला मेणाचा वास. त्याची झिजलेली बटणं आम्ही नवरा-बायको बदलत होतो. मी बटण बसवायचा लोखंडी ठसा धरायची, हे हातोडी मारायचे. शेवटच्या बटणाशी यांनी हातोडी खाली ठेवली.

“एक ऱ्हायलंय की,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ दे. पुरात वल्ल्या हातानं नवं बटन लवकर निघत न्हाई. ह्या ढिल्यात बोट घालून वडलं की बाकीची निघतेत.”

“लोक म्हनतील, काम अर्धं सोडलं.”

“म्हनू दे.”

मला मात्र नाव परत जाईपर्यंत लाज वाटत होती.

आता माझीच बोटं आखडलीत. घट्ट बटण म्हणजे काय, ते रोज कळतं. रेनकोटच्या गळ्यापाशी, नात ओल्या बोटांनी आधी उघडते त्या शेवटच्या बटणाशी, आले आणि थांबले.

“आई, एक ऱ्हायलं,” सून म्हणाली.

“ऱ्हाऊ दे.”