पुढचे दोन टायर

सिस्टर टायर बघायला आल्या की आधी अंगठा लावायच्या. नुसता लावून सोडायच्या नाहीत. दाबून धरायच्या, तोंडातल्या तोंडात पाचपर्यंत मोजायच्या, मग अंगठा काढून रबराकडे अशा बघायच्या, की मला वाटायचं, आता ह्या टायरला मीठ बंद करायला सांगणार.

"सुजलाय का, सिस्टर?" मी विचारायचो.

"निबर आहे. दुसरा दाखव."

मूळच्या नागपूरच्या, साठीला टेकलेल्या, किडनीच्या पेशंटच्या नर्स. पेशंटच्या पायावर अंगठा दाबून सूज बघायची जन्माची सवय, ती माझ्या टायरवर चालवायच्या. आम्ही राहायला हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात, एकाच गल्लीत. पण खरी ओळख झाली ती मी तिथल्या टायरच्या दुकानात लागलो तेव्हा.

माझं काय विचारता. भोसरीला पंक्चर काढायचो. दहावीला तीनदा बसलो, तिन्ही वेळा पेपर माझ्यापेक्षा हुशार निघाला. बायको फार्मसिस्ट. तिला इथं नोकरी लागली, तिच्या व्हिसावर मी बॅगेसारखा आलो. फरक एवढाच, की बॅगा वेळेवर आल्या, मला विमानतळावर अर्धा तास बसवून ठेवलं.

टायरचं मात्र मला सगळं कळतं, असं मला वाटायचं. गिऱ्हाईक दिसलं की मी भाषण सुरू करायचो. म्हणून सिस्टरनी माझं नाव ठेवलं होतं प्रोफेसर. दुकानात शिरतानाच म्हणायच्या, "जय भीम, प्रोफेसर. आज कोणता धडा?"

त्यांची गाडी तुम्ही बघायला पाहिजे होती. बाई एवढीशी, अंगात हॉस्पिटलचं निळं जॅकेट, पायात पांढरे बूट, आणि खाली ऑस्ट्रेलियात बनलेली आठ सिलिंडरची सेडान. मागच्या चाकांवर पळणारी. सुरू केली की गल्लीतली कुत्री बसल्या जागेवरून उठायची. लोकांना वाटायचं, नवऱ्याची असेल, मुलाची असेल. मी पण एकदा विचारलं.

"काहून? बाईला आवाज आवडू नये का?" त्या म्हणाल्या. "घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. गाडी तरी बोलते."

आणि एवढी गाडी घेऊन बाई चालवायच्या कशा? ट्रॅक्टर सुद्धा मागून हॉर्न द्यायचा. वेगाची मर्यादा म्हणजे तिथपर्यंत गेलंच पाहिजे, असं त्यांनी कधी मानलं नाही.

आता हॅमिल्टनला काही बर्फ पडत नाही. सकाळी गवत पांढरं होतं, दहा वाजता ते पण विसरून जातं. इथं कुणी थंडीचे टायर घेत नाही. पण सिस्टर दर सोमवारी खाली दक्षिणेला जायच्या, ज्वालामुखीच्या पठारावरून, पलीकडच्या एका छोट्या गावात. तिथं त्यांचे बारा-पंधरा पेशंट. दोन दिवस राहायचं, बुधवारी परत. त्या पठारावर हिवाळ्यात रस्त्यावर काळा बर्फ धरतो, म्हणजे दिसायला ओला रस्ता आणि असायला काच.

त्यांची मुलगी म्हणायची, मम, व्हिडिओवर कर ना. मुलगी सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवाली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. सिस्टर म्हणायच्या, "व्हिडिओवर सूज दिसते, पण दाबता येत नाही. आणि ती माणसं कशी आहेत माहीत आहे का? मला 'आय एम गुड' म्हणतात. पाय म्हणतो, खोटं बोलतोय."

मुलीनं अट घातली होती. गाडी एकदा जरी घसरली, तर पठार बंद. त्यात एकदा किल्ली फ्रीजमधे सापडली होती, भाजीच्या ड्रॉवरमधे. तेव्हापासून मुलगी आईच्या विसरण्यावर डोळा ठेवून होती. सिस्टर म्हणायच्या, "तीस वर्षं पेशंटचे डोस विसरले नाही, एक किल्ली वांग्याशेजारी ठेवली तर केस पेपर उघडला माझा."

म्हणजे टायर हा नुसता टायर नव्हता. तो नीट निघाला तर सोमवार राहणार, नाही तर जाणार. इथला हिवाळा जूनला लागतो, म्हणून मे महिनाभर बाई निवड करत होत्या.

आणि निवड म्हणजे कशी? मी दुपारी चारला बोलवायचो, हीटर लावून, कॉफी देऊन. त्या म्हणायच्या, "दुपारी सगळेच मऊ असतात. सकाळी सातला बघू." आणि खरंच सातला यायच्या, दुकानाचं शटर गोठलेलं असताना. मला टायर रात्रभर बाहेर ठेवायला लावायच्या. मग थंडगार रबरावर अंगठा. साधा टायर दगड व्हायचा. थंडीचा टायर दबायचा, त्याच्यातल्या बारीक चिरा उघडायच्या.

"हा जिवंत आहे," त्या म्हणायच्या.

मी सुचवलेले सगळे टायर त्यांनी नापास केले. मी म्हणलं, एवढी ताकदीची गाडी, रुंद टायर घ्या, शोभतील. त्या म्हणाल्या, अरुंद दे, बर्फात रुतायला हवा, तरंगायला नको. मी म्हणलं, "सिस्टर, पैलवानाला पोराच्या चपला घातल्यासारखं दिसेल." त्या म्हणाल्या, "पैलवान घरी पोचला म्हणजे झालं." आमचा बॉस तेवढ्यात तिथून गेला, म्हणाला, "शी'ज राइट, मेट." मी इतका हसलो जसं काही मीच ते म्हणलं होतं.

शेवटी पास झाला तो टायर आमच्याकडे दोनच होता. बाकीचे दोन ऑकलंडहून येणार, आठ-दहा दिवसांनी. आणि सोमवारी पहाटे पठारावर पारा शून्याखाली जाणार, असं रेडिओ सांगत होता.

सिस्टर म्हणाल्या, "मग ह्या सोमवारी नाही जात. पुढच्या सोमवारी चारही घालून जाते."

इथं गप्प बसायचं होतं, एवढंच माझं काम होतं. बॉस मासेमारीला गेलेला. दुकानात मी राजा. आणि मी भाषण सुरू केलं. म्हणलं, "सिस्टर, तुमची गाडी मागच्या चाकांवर पळते का पुढच्या?"

"मागच्या."

"मग जोर कुठं? मागं. घसरणार कुठं? मागं. मागं दोन घालतो, बिनधास्त जा. पुढचे दोन नुसते रस्ता दाखवतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नक्की, प्रोफेसर?"

"स्वीट ॲज," मी म्हणलं, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. भोसरीचा माणूस स्वीट ॲज म्हणायला लागला की समजावं, आता काहीतरी होणार.

थंडीचे टायर घालायचे तर चारही चाकांना, हा इथला नियमच आहे. तो आमच्या दुकानात भिंतीवर लावलेला होता. मी रोज त्याच्या खाली बसून डबा खायचो. इंग्रजीत होता, बारीक अक्षर, मला वाटायचं आग लागली तर कुठं पळायचं ते लिहिलंय.

सोमवारी साडेनऊला माझा फोन वाजला.

"प्रोफेसर, पुढच्या दोघांनी रस्ता नीट दाखवला," सिस्टर म्हणाल्या. "मी बघितला. स्टिअरिंग पण तिकडंच वळवलं. गाडी मात्र सरळ गेली."

"लागलं का कुठं?"

"मला नाही. एका तारेच्या कुंपणाला लागलं. एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आलाय, मला चहा देतोय. दुधाचाच. भला माणूस आहे." मग म्हणाल्या, "आज त्या गावात सगळे माझी वाट बघत बसले असतील रे."

दुपारी गाडी ट्रकवर आली, आमच्याच दुकानात. पुढं ट्रकवाल्याशेजारी सिस्टर, मांडीवर औषधांची बॅग. मुलगी आधीच येऊन उभी होती, कामावरून तशीच. आणि बॉस मासे न मिळता परत आलेला, म्हणजे मूड तुम्ही समजून घ्या.

आता माझी परिस्थिती सांगतो. त्या वर्षात माझ्या दोन चुका आधीच झाल्या होत्या. एकदा नट ढिले सोडले, एकदा गिऱ्हाइकाची गाडी दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिली. दोघं खूश होते, पण बॉस नव्हता. त्यानं सांगितलं होतं, तिसरी चूक आणि बाय बाय.

बॉस गाडीभोवती फिरला. मागं बघितलं. पुढं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "हू डिड धिस?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, कबूल करायलाच उघडलं होतं. पण उघडल्यावर मला जांभई आली.

तेवढ्यात सिस्टर पुढं झाल्या. शांतपणे, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात. म्हणाल्या, ह्यानं मला सांगितलं होतं चार पाहिजेत. मीच म्हणलं, पुढचे दोन वाटेतल्या गॅरेजात बसवून घेते, माझं बोलणं झालंय. ह्यानं बजावून पाठवलं. आणि मी विसरले. आय फरगॉट.

बॉसनं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. माझ्या खांद्यावर थाप मारली. तरी पण दोनवर गाडी सोडायची नाही, म्हणाला, पण सांगितलंस ते बरं केलंस.

मला हायसं वाटलं. हे लिहितोय तर खोटं कशाला लिहू. पहिलं मला हायसंच वाटलं. मग माझं लक्ष मुलीकडे गेलं.

ती आईकडे बघत होती. रागानं नाही. "यू फरगॉट, मम?" ती इतक्या हळू म्हणाली. "द टायर्स?"

सिस्टरच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. चेहरा बघितला मी. नुसतं घसरण्यावर भागलं असतं तर अट असूनही त्या भांडल्या असत्या, काळा बर्फ आहे, कुणाचीही घसरते. टायरवाल्यानं चुकवलं असतं तर टायरवाला बदलला असता. पण विसरलेल्या आईला पहाटे पठारावर कोण पाठवेल? मला वाचवायला त्यांनी सगळ्यात सोपा शब्द उचलला होता, आणि तो नेमका त्यांच्याच केस पेपरवर जाऊन पडला.

त्यांना तो परत घेता आला असता. माझ्याकडे एकदा बघितलं त्यांनी. मी तिथं होतो, दोन पायांवर, तोंडासकट. मी फडकं घेऊन हात पुसत राहिलो.

"हो," त्या मुलीला मराठीत म्हणाल्या. "विसरले."

सोमवार बंद झाले. पलीकडच्या गावाला व्हिडिओ लागला.

मला तीन आठवडे लागले. बायकोला सांगितलं, तर ती दोन दिवस माझ्याशी फक्त गोळ्यांच्या भाषेत बोलली, जेवणानंतर, पाण्याबरोबर. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सिस्टर डेअरीत दूध आणायला गेल्या होत्या. मुलीनं दार उघडलं.

मी सगळं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत सुरू केलं, मराठीत संपवलं. दोन टायर, भाषण, स्वीट ॲज, भिंतीवरचा नियम, जांभई. "तुमची आई विसरली नाही. मी चुकवलं. ती मला वाचवायला बोलली."

मुलीचे डोळे भरले. तिनं माझा हात धरला. "मम सेड यू'ड कम," ती म्हणाली. "शी सेड यू'ड से एक्झॅक्टली दॅट. यू'आर सो काइंड."

काय करणार सांगा. मी जन्मात पहिल्यांदा पूर्ण खरं बोललो, आणि माणूस चांगला आहे म्हणून मला चहा मिळाला. वर घरचे शंकरपाळे. मी खाल्ले.

सिस्टर दूध घेऊन आल्या, मला बघून सगळं ओळखलं. गेटपर्यंत सोडायला आल्या. मी म्हणलं, "सिस्टर, मी येऊन चूक अंगावर घेईन, असं कशाला सांगून ठेवलंत तिला?"

"तू दुसऱ्या दिवशी येशील असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "आलास की तिनं खरं मानून बॉसला सांगितलं असतं आणि तुझी नोकरी गेली असती, म्हणून आधीच बोलून ठेवलं. तू आलाच नाहीस. मग वाटलं, बरं झालं." आणि हसल्या. "तीन आठवडे घेतलेस, प्रोफेसर. दहावीला पण असाच उशिरा जायचास का?"

वर्षअखेर मुलीची बदली वेलिंग्टनला झाली. सिस्टर तिच्याबरोबर गेल्या. गाडी विकली, ती पण मुलीनंच. नवा मालक आमच्याकडे आला, म्हणाला, हे अरुंद टायर काढा, गाडी विचित्र दिसते. मी रुंद घालून दिले. चार.

मागच्या महिन्यात बायकोचं ट्रेनिंग होतं वेलिंग्टनला, मी नेहमीसारखा बॅग म्हणून गेलो. सिस्टर स्टेशनवर घ्यायला आल्या. निळं जॅकेट, पांढरे बूट, गळ्यात बसचं कार्ड. आता फोनवर पेशंट बघतात, म्हणाल्या, बरं चाललंय, बसचा पास आहे, पार्किंगची कटकट नाही. इतकं चांगलं सांगितलं की मी विश्वास ठेवायच्या बेतात होतो.

बसमधे त्या ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्याच सीटवर बसल्या. बस टेकडीवर चढली आणि पलीकडच्या उताराला लागली. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, रस्ता अरुंद आणि ओला. सिस्टर माझ्या बायकोला कुठं चांगली कोथिंबीर मिळते ते सांगत होत्या. नजर तिच्याकडे, बोलणं कोथिंबिरीचं. आणि खाली त्यांचा उजवा पाय बसच्या फरशीवर दाबला गेला. वळण गेलं, पाय सुटला. पुढचं वळण आलं, पुन्हा दाबला.

मी खाली बघत बसलो. तळ गाठेपर्यंत सगळी वळणं मोजली. एकाही वळणावर ड्रायव्हरनं त्यांच्या आधी ब्रेक लावला नाही.