श्यामलावहिनी आणि मोटारीतला आरसा

आमची श्यामलावहिनी म्हसळ्याची. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे लग्नात तिच्या ट्रंकेतून साड्यांबरोबर एक छोटा डिसमिसही आमच्या घरी आला. नवी सून स्क्रू पिळायचं हत्यार घेऊन येते, हे बघून आमच्या नातेवाईक बायकांनी एकमेकींकडे पाहिलं होतं. वहिनीनं तो शांतपणे पोळपाटाच्या मागे ठेवून दिला. घरातल्या कढयांचे कान, दाराच्या कड्या, आईच्या चष्म्याची काडी, सगळं तीच नीट करायची. माझा भाऊ विश्वंभर मात्र अलिबागच्या शाळेत गणित शिकवायचा आणि खिळा ठोकायला गेला की अंगठा ठोकून यायचा.

नागावातल्या आमच्या घरी तेव्हा नवरा-बायकोनं वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. भाऊला चहा हवा असला की तो मला म्हणे, "आईला विचार, चहा झालाय का." चहा वहिनीच करत असे आणि ती चुलीपाशी सगळं ऐकत असे, तरी निरोप माझ्यामार्फत फिरायचा. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, भयंकर आगाऊ. निरोप पोचवायची, पण त्यात माझा मीठमसाला घालूनच. घरात माणसांचा राबता इतका, की दोघांना निवांत बोलायला कोपरा मिळायचा नाही.

अशात आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मुंबईच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार घेतली. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. आप्पांनी नुकतीच वकिली सोडली होती आणि हुकूम सोडायला त्यांना काहीतरी हवं होतं. गाडी चालवायला भाऊ शिकला. दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौलच्या रामेश्वराला जायचो. पुढे भाऊ आणि शेजारी आप्पा, मागे आई, मधे मी आणि पलीकडच्या खिडकीशी वहिनी.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच माझ्या लक्षात आलं की भाऊ रस्त्यापेक्षा वरच्या आरशातच जास्त बघतो. त्या आरशात बरोबर वहिनी दिसायची. तिनं भुवई उचलली की तो हसू दाबायचा, त्यानं मान किंचित हलवली की ती पदर सारखा करायची. आठवड्याचं रुसणं, समजूत, थट्टा, सगळं चौलपर्यंत उरकायचं. आप्पा शेजारी बसून 'बैल आला, हॉर्न वाजव' करत, त्यांना पत्ताच नसे. माझी करमणूक व्हायची, पण खरं सांगायचं तर त्या दोघांचा मला हेवाही वाटायचा.

एका रविवारी परत येताना आरसा निखळला तो थेट आप्पांच्या मांडीवर. काच शाबूत राहिली, पण खाऱ्या हवेनं स्क्रू खाल्ले होते आणि ज्या पट्टीला ते बसत तिची भोकंही मोठी झाली होती.

"नसला तरी चालेल," आप्पा म्हणाले. "गाडी पुढे बघून चालवायची असते. मागे बघायचंय काय?"

मागे काय बघायचंय ते भाऊ बापाला सांगणार कसा? "मागून एसटी येते, आप्पा," एवढंच तो पुटपुटला. वहिनीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे डोळे भरलेले मी पाहिले आणि मला पहिल्यांदाच आगाऊपणा सुचला नाही.

भाऊनं हट्टाला पेटून दुरुस्ती स्वतः करायला घेतली. भोकात आगपेटीच्या काड्या कोंबून झाल्या, सुतळी झाली. शेवटी तो किनाऱ्यावर शिवदास कोळ्याकडे गेला. शिवदास होडीच्या फटी राळ आणि तेल घोटून बुजवत होता.

"ही लावा, मास्तर," तो म्हणाला. "पानी न्हाय शिरनार, बारा म्हैने हलनार न्हाय."

भाऊनं वाटीभर राळ आणून आरसा चिकटवला. रात्रभर तो घट्ट बसला. आमच्याकडे राळेवर सगळ्यांचा इतका विश्वास, की होडी पाण्यात असते आणि मोटार उन्हात, हे गणिताच्या मास्तरांच्याही डोक्यात आलं नाही. चैत्रातला रविवार. अक्षीकडून येणाऱ्या पाहुण्यांची वाट बघत गाडी दुपारभर अंगणात उन्हात उभी होती. निघालो तेव्हा आरशानं हळूहळू मान खाली घातली आणि राळ आप्पांच्या मांडीवरच्या पांढऱ्या टोपीवर टपटपायला लागली. टोपीवरची ती राळ नंतर खोबरेल तेलानंही सुटली नाही. आप्पांनी फर्मान काढलं, "आता आरशाचं नाव काढायचं नाही."

नाव काढलं नाहीच कुणी. बुधवारी आप्पा अलिबागला कोर्टातल्या मित्रांकडे गेले, भाऊ शाळेत होता. वहिनीनं डिसमिस काढला. घासलेटच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, खिळ्यानं नवी बारीक भोकं पाडली, आणि गाडीच्या पुढच्या काचेवरल्या पट्टीचे जे स्क्रू धड होते त्यांच्याखाली ती दोन्ही टोकांनी अडकवली. आरसा पत्र्यावर पक्का बसला. राहिला प्रश्न तो नीट वळवायचा. त्यासाठी ती चक्क भाऊच्या जागी बसली आणि मला म्हणाली, "तू माझ्या जागेवर बस गं जरा."

मी दार उघडणार, तोच आई पडवीतून उतरून आली. "थांब, मी बसते," म्हणाली. आणि बसली, वहिनीच्या खिडकीशी. वहिनीनं आरसा फिरवला. आईचे डोळे आरशात गेले आणि तिथे वहिनीचे डोळे होते. वहिनी पार पांढरी पडली.

"असं होय," आई म्हणाली.

वहिनी स्क्रू सैल करू लागली तशी आईनं तिला थांबवलं. "राहू दे गो. आमच्या वेळी टांगा होता. हे पुढे टांगेवाल्याशेजारी, आणि आम्ही बायका मागे, मागेच तोंड करून. ह्यांची पाठसुद्धा दिसायची नाही. सगळा जन्म गेलेला रस्ता बघत आले मी." मग जरा थांबून म्हणाली, "अजून थोडा खाली घे. तुझी हनुवटी दिसत नाही."

रविवारी आप्पांनी सवयीनं पुढचं दार उघडलं. आरसा बघून ते काही बोलणार, इतक्यात आई म्हणाली, "तुम्ही मागे या. माझ्याशेजारी बसा. श्यामला पुढे बसेल."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. तुम्ही बसा."

आप्पांना कोर्टात कुणी असं गप्प केलं नसेल. ते मागे आले, मी खिडकीशी सरकले आणि ते आमच्या दोघींच्या मधे अवघडून बसले, टोपी मांडीवर घेऊन. वहिनी पुढे बसली. भाऊनं गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले.

नागावच्या वाड्या संपल्यावर आई हळूच म्हणाली, "पुढचा रस्ता असा शेजारी बसून बरा दिसतो हो." आणि आप्पांनी, कुणी बघत नाहीसं समजून, तिचा हात आपल्या हातात घेतला.