घर तितकी पानं

शिकार पडली की टोल्यातले, रानातल्या त्या लहान वस्तीतले, लोक वाटणीले कोलूले बोलावत. सांबर असो की ससा, घर तितके वाटे. वाटणारा आपला वाटा शेवटी उचलते, म्हणून त्याचा हात सरळ राह्यते. कोलूच्या वाटणीवर कोणी कधी बोट ठेवलं नाही.

त्या साली धान पोटरीत, लोंब्या बाहेर यायच्या बेतात असताना टोल्यात हिवताप शिरला. सडकेवरच्या गावात वाटून उरलेल्या सरकारी गोळ्या घेऊन गुणवंतराव कंपाउंडर चिखल तुडवत आला. पुडी कोलूच्या हाती देऊन त्यानं बजावलं, की जे लई आजारी त्यायलेच द्या, अन् ज्याले द्यान त्याले पुऱ्या गोळ्या द्या.

"कोलूभाऊ, हे शिकारीचं मटन नोहे. वाटत बसशीन तं कोनालेच गुन नाई येनार."

कोलूले समजलं. पण सगळ्यात जास्त ताप त्याच्याच घरी होता. बायको नीलाबाई खाटेवर पडून होती. गोळ्यांचा मोठा वाटा आपल्याच दारात कसा टाकावा?

मोहाच्या झाडाखाली त्यानं पळसाची पानं मांडली. घर तितकी पानं. गोळ्या पुरल्या नाहीत, तं सुरीनं तुकडे केले. झिंगू म्हातारा पान घेईना.

"माह्या घरी सारे बरे हायेत. माहा वाटा नीलाले दे."

"शिकारीले येत नाईस तरी वाटा घेतेस ना?" कोलू म्हणाला. "मंग उचल."

झिंगूनं उचलला.

नीलाबाईचा ताप एक दिवस उतरला अन् परत चढला. धान कापायच्या आधीच ती गेली. तिच्यामागं टोल्यातल्याच लालसूची पोरगी त्याच तापानं गेली.

गुणवंतराव परत आला तेव्हा लोकांनी सांगितलं, सारायले भेटल्या. तो दगडावर बसून राह्यला. कोलूनं त्याले एकच विचारलं.

"सडकेवाल्यायले पयले काऊन देल्या?"

"तिथी एका दिवसात शंभर मानसायले देऊन होते, भाऊ. इथी यायलेच दिवस जाते."

कोलूनं ऐकून घेतलं अन् त्याले प्यायले पाणी आणून देल्लं.

थंडीत रानडुक्कर पडलं. लोकांनी कोलूलेच बोलावलं. त्यानं पानं मांडली, वाटे केले, शेवटचं पान आपण उचललं. माणूस कमी झाला म्हणून घराचा वाटा कमी होत नाही. घरी येऊन त्यानं सारं मटन शिजवलं. एकट्यानं खाववलं तितकं खाल्लं, उरलं ते झाकून ठेवलं.