तोंडावरचा हात

अमळनेर स्टेशनातून सुरतेची गाडी हलली, तेव्हा माझी धाकटी बहीण सुनी खिडकीच्या गजांना नाक चिकटवून ओरडली होती, "मनी बकरीले पानी पाजजो व फुई!" फलाटावरचे हमाल हसले. माय म्हणाली, "हयू बोल." पण सुनीला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. शेतातून तिनं हाक मारली की आमचे वडील, नाना, विहिरीतून डोकं वर काढायचे. फुई, नानांची तू एकुलती बहीण. गाडी दिसेनाशी झाल्यावरही पोरीचा आवाज येत होता, असं तूच पुढे कितीदा सांगितलंस.

आणि आता त्याच नानांच्या दहाव्याला तू चारचौघींत म्हणालीस, "सुरतनं पानी पिसन पोर दगड व्हई गयी." बाकीच्या बायका गळे काढून रडत होत्या आणि सुनी तोंडावर हात ठेवून गप्प बसली होती, हे खरं. मी तेव्हा बोलले नाही, कारण बोलले असते तर भांडण झालं असतं. आता सांगते. तुला सांगते आणि गावाकडून इथे येऊन ज्यांनी आपली पोरं शाळेत घातली, त्यांनाही सांगते.

सुरतेत नाना लूमच्या खात्यात लागले. खातं म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड, त्यात ओळीनं माग, आणि सगळे एकदम चालू. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. तिथे माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून कारीगर एकमेकांच्या खांद्यावर थाप मारायचे, समोर उभे राहायचे आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द ओठांनी दाखवायचे. नानांचे कान थोड्याच वर्षांत गेले. लिंबायतच्या आमच्या खोलीतही मग तेच चाललं. नानांशी बोलायचं तर आधी थाप मारा, समोर या, तोंड उघडा. मला ते जमायचं, पण सुनीसारखं कुणालाच नाही. ती इतकी झकास तोंडं करायची की नाना जेवता जेवता हसून ठसकायचे. दिवसभर मागापुढे उभं राहून आलेला माणूस त्या पोरीचं तोंड बघून ताजा व्हायचा. मला तिचा हेवा वाटायचा.

मग ती पहिलीत गेली. मराठी शाळा होती, मी तिथेच पाचवीत होते. शाळेचं आणि बाईंचं नाव लिहीत नाही. सुनीला वाटलं, मोठ्या माणसांशी असंच बोलतात. पहिल्याच आठवड्यात ती बाईंजवळ गेली, त्यांच्या दंडावर थाप मारली, समोर उभी राहिली आणि तोंड वासून, शब्द तोडून तोडून ओरडली, "बा-ई, पा-नी प्या-ले जा-ऊ?"

बाईंना वाटलं, कार्टी आपल्याला वेडावते आहे.

त्यांनी तिच्या थोबाडीत दिली. मारणं तेव्हा नवलाचं नव्हतं, तेवढ्यावर थांबल्या असत्या तर आज मी त्यांना विसरलेही असते. पण त्यांना पोरीला वळण लावायचं होतं. त्यांनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं. बोलायचं झालं तर उजव्या हाताचा पंजा तोंडावर धरून बोलायचं, असा नियम तिच्या एकटीसाठी केला. हात खाली आला की सगळ्या वर्गानं "भों" करायचं. पोरांना तर खेळच मिळाला. मधल्या सुट्टीत, नळावर, रस्त्यानं घरी येताना, सगळीकडे भों. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हात आपोआप तोंडावर जायला लागला, आणि त्यामागचा आवाज मलासुद्धा कान देऊन ऐकावा लागायचा.

वर्षाच्या शेवटी बाईंनी तिला बक्षीस दिलं. 'वर्गातली सर्वात शांत मुलगी', प्लास्टिकची कंपासपेटी. नाना पाळी बुडवून आले होते, पुढच्या रांगेत बसून त्यांनी सगळ्यांच्या नंतरही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "काय म्हनन्यात बाई? सांग ना व माय." सुनीनं सांगितलं, पण हाताआड. नानांना फक्त हात दिसला.

मायनं त्या हाताला मिरची चोळून पाहिली. अंगठा चोखणाऱ्या पोरांना करतात तसं. सुनीचे ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण हात तिथेच. शेवटी मायनंच रडत रडत तिचं तोंड धुतलं.

नाना शाळेत गेले ते दुसरीच्या सुरुवातीला, वर्गावर बाई त्याच होत्या. मी सोबत होते. त्यांनी काय करावं? बाईंच्या खांद्यावर थाप मारली, समोर उभे राहिले आणि तोंड वासून ओरडले, "बा-ई, म-नी पो-र बो-लत ना-ही!" अख्खा वर्ग खदखदला. कुणीतरी "भों" केलं. बाई पदर सावरून मागे सरल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कळलं, हे कुठून आलं ते."

त्यांना खरंच कळलं असेल का? कळलं असेल, तर नियम मोडला का नाही? मला आजही त्या बाईचा राग येतो, आणि तो गिळायची मला इच्छा नाही.

नानांना शब्द समजले नाहीत, हसणं समजलं. पहिल्या बाकावर सुनी बसली होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, तर तिचा हात तोंडावर. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पोरले मनी लाज वाटस."

तेवढं एक त्यांच्या डोक्यात बसलं, ते कुणालाच काढता आलं नाही. मी हजार वेळा सांगितलं, नाना, तसं नाही. ते मान हलवायचे. सुनीच्या लग्नात ते मांडवाच्या टोकाला बसले, पोरीला लाज नको म्हणून. सुनी सुरतेतच, कोसाडला नांदायला गेली. दर रविवारी यायची, नानांचे पाय चेपायची, पंज्याआड पुटपुटायची. नाना भिंतीकडे बघत बसायचे.

मी आता सुरतेतच, पर्वत पाटियाला राहते. माझ्या पोराच्या शाळेत भिंतीवर हसरे सूर्य काढलेत. रोज सकाळी पोरं हसऱ्या नाहीतर रडक्या तोंडाच्या चित्राला टिकली लावतात, मनात काय आहे ते मॅडमला कळावं म्हणून. पालकसभेत मॅडम म्हणाल्या, मूल खूश असेल तरच शिकतं. सगळ्या आयांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. इतकी साधी गोष्ट होती.

फुई, आता शेवटचं ऐक. नाना वारले त्या दिवशी दवाखान्यात सुनी दुपारभर त्यांच्या उशाशी होती. तिचा हात तोंडावर आणि नानांची नजर त्या हातावर. नानांनी मला खुणावलं, "काय म्हनस ती?" मी तोंड मोठं उघडून सांगितलं, "ती म्हनस, माले तुमनी लाज कधीच वाटनी नाही."

नानांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू सांगी ऱ्हायनी. ती कोठे सांगी ऱ्हायनी?"

सुनीनं ते ऐकलं. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि खाली ओढलं. तोंड उघडं पडलं, ओठ हलायला लागले, पण तोवर नानांचे डोळे मिटले होते. ते पुन्हा उघडले नाहीत.

तेव्हा ती ओरडली. "ना-ना!" अमळनेर स्टेशनवरचाच आवाज. इतक्या वर्षांत तो जसाच्या तसा राहिला होता. सगळा वॉर्ड दचकला, खाटांवरची माणसं उठून बसली. नर्स धावत आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "ए बेन, धीमे! आ दवाखानो छे."

सुनीचा हात तोंडावर गेला.

दहाव्याला तू पाहिलास तो हाच हात. आता मला कुणी घर कुठलं विचारलं, तर मी अमळनेर सांगत नाही आणि पर्वत पाटियाही नाही. माझं घर म्हणजे लिंबायतची ती खोली, सुनी शाळेत जायच्या आधीची.