कमलचं बाळंतपण आणि माझी करंगळी

माझ्या नणंदेच्या पहिल्या बाळंतपणात डॉक्टरांना घरी यावं लागलं, ते माझ्यासाठी.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी धुळ्याची, मॅट्रिक झालेली, धरणगावला दिलेली. शाळेत असताना प्रथमोपचाराचा वर्ग केला होता. त्याचं प्रमाणपत्र चौकटीत घालून मी सासरी आणलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलं (आणि रोज त्याला हळदकुंकू वाहिलं!). तेव्हापासून घरात कोणाला शिंक आली तरी सल्ला माझाच.

आमच्या गल्लीत कोणाचंही बाळंतपण असलं की जनाअक्का पाठीशी बसायच्या. त्या सुईण नव्हत्या. बाळाचं काय ते दवाखान्यातल्या नर्सबाई बघायच्या. अक्का फक्त बाईला धरून बसायच्या, कंबर चोळायच्या, घोटघोट पाणी पाजायच्या आणि बोलत राहायच्या. हे काही शिकण्यासारखं काम आहे असं मला कधी वाटलं नाही. बसायला काय अक्कल लागते?

कमल, माझी धाकटी नणंद, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तिची चुलतबहीण आदल्याच वर्षी बाळंतपणात गेली होती. कमल तिचं नावही काढत नसे, पण रोज एकदा तरी विचारायची, जनाअक्का गावातच आहेत ना? नेमक्या अक्का लेकीकडे सावद्याला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कमलला कळा सुरू झाल्या.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आते पोरना पाठशी कोण बसी?"

"मी आहे की," मी म्हटलं. प्रमाणपत्राकडे बोटही दाखवलं.

नर्सबाई आल्या, दार लागलं, मी कमलच्या पाठीशी बसले आणि व्याख्यान सुरू केलं. श्वास कसा घ्यावा, ओरडण्यात शक्ती कशी वाया जाते, मन दुसरीकडे कसं वळवावं. कमल मुकाट ऐकत होती. मग पहिली मोठी कळ आली आणि तिने माझा हात धरला.

कमल लहानपणापासून विहिरीचं पाणी शेंदत आलेली. आधी माझ्या बांगड्या गेल्या. मग करंगळीत कटकन काहीतरी झालं आणि मी, ओरडण्यात शक्ती वाया जाते हे नुकतंच समजावून सांगणारी मी, "मेले, मेले!" म्हणून अशी किंचाळले की समोरच्या घरातली दुपटी वाळत घालणारी बाई दुपट्यांसकट आमच्या ओट्यावर आली.

बाहेर सगळ्यांना वाटलं, कमलच. सासूबाईंनी तिथल्या तिथे देवीला अनवाणी गड चढायचा नवस बोलला. सासरे, म्हणजे आमचे नाना, डॉक्टरांकडे धावले, तेही टोपी न घालता. नानांना बोडक्या डोक्याने आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे काहीतरी भयंकर झालं असं समजून निम्मी गल्ली त्यांच्यामागे निघाली.

आत नर्सबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. मी एका पायावर तयार होते, पण हात कमलकडे होता. ती तो सोडेना. दोन कळांच्या मध्ये तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा घामाने भिजलेला.

"वहिनी, मी वाचसू ना?"

व्याख्यानात याचं उत्तर नव्हतं. खोटं बोलायचा धीर होईना.

"मला काही कळत नाही गं कमल," मी म्हटलं. "पण मी इथून हलणार नाही."

आणि मला रडू फुटलं. हुंदके देऊन देऊन रडले. तेव्हा त्या पोरीने, पुढची कळ चढत असताना, मोकळ्या हाताने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "तू रडू नको. व्हई जाई बठ्ठं." सगळं नीट होईल, हे ती मला सांगत होती.

त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. मी एक शब्द शिकवला नाही. तिची कंबर चोळली, पाणी पाजलं. कळ आली की ती माझा हात दाबायची आणि मी ओरडायची. नर्सबाई म्हणाल्या, अशी शांत पहिलटकरीण त्यांनी पाहिली नाही. माझ्याबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत.

सूर्य डोक्यावर येता येता मुलगी झाली. ठणठणीत.

तेवढ्यात डॉक्टर बॅग घेऊन आत आले. अर्ध्या जेवणावरून उठवलेले, मागे गल्ली. पेशंट कुठे, असं त्यांनी विचारलं. नर्सबाईंनी माझ्याकडे बोट केलं. कमल लेकीला कुशीत घेऊन शांत पडली होती आणि मी भिंतीला टेकून, सुजलेला हात वर धरून बसले होते. डॉक्टरांनी माझ्या करंगळीला लाकडी पट्टी बांधली. ती बांधतानाही मी ओरडले. बाहेर सासूबाईंना वाटलं, जुळं आहे.

पुढे नवसाचा प्रश्न निघाला. ओरडली कोण, नवस कोणासाठी, याचा घरात दोन दिवस खल झाला. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, आवाज कोणाचाही असो, देवीला ऐकू गेला. गड चढले मी. अनवाणी.

जनाअक्का थकल्यावर गल्लीतल्या बायका बाळंतपणाला मलाच बोलवायला लागल्या. नऊ जणींच्या पाठीशी मी बसले. मला वाटायचं, माझा हात गुणाचा आहे. एकदा दोन कळांच्या मध्ये एका पहिलटकरणीला विचारलंच, अगं, मीच का हवी तुला?

ती म्हणाली, "तुमचं रडणं पाहिलं ना काकू, की आपल्याला फारसं काही दुखत नाही असं वाटतं."