भाऊचा आवाज बसला नव्हता

हिंगणीच्या सभेत भाऊचा आवाज बसला आणि पुन्हा सुटला नाही, असं आमच्या नात्यात अजून सांगतात. ते खरं नाही. आता माझ्याशिवाय हे सांगणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

माझ्या मोठ्या भावाला सगळेच भाऊ म्हणत. धम्म घेतल्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. गावोगाव सभा होत आणि सभेआधी भाऊ स्वतः रचलेली गाणी म्हणे. आवाज जाड, थोडा खरबरीत. अंगणात उभा राहून गायला की वस्तीच्या टोकापर्यंत जाई. मी वर्ध्यात एका लाउडस्पीकरवाल्याकडे कामाला होतो. मालकाने जुना टेपरेकॉर्डर घेतला, तेव्हा मी तो खोलीवर आणून भाऊचं एक गाणं भरून घेतलं.

पुढच्या खोलीत घरमालकाचा कापूस छतापर्यंत भरलेला होता. बाहेरची गाडी, कुत्रं काही ऐकू येऊ नये म्हणून मी भाऊला त्या कापसातच उभं केलं. कापसाने रस्त्याचा आवाज अडवला आणि भाऊच्या आवाजातला जीवही पिऊन टाकला. टेपवर तो कोरडा, म्हातारा ऐकू आला. खरं तर अंगणात नेऊन पुन्हा गाऊन घ्यायचं. मला ते सुचलं नाही. मला मशीन चालवायचं होतं.

ओळखीच्या दुकानातून दुसरं मशीन मागून आणलं. रिकाम्या रांजणाच्या तोंडाशी स्पीकर ठेवला, आत माइक सोडला. पहिल्या मशीनवर भाऊ गात होता, रांजणात घुमत होता आणि दुसऱ्या मशीनवर उतरत होता. शिवाय पहिल्या मशीनच्या टेप ओढणाऱ्या दांडीवर चिकटपट्टीचे वेढे दिले. दांडी जाड झाली, टेप थोडी जोरात पळाली, सूर वर चढला. भाऊ एकदम कोवळा झाला, देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा. रीळ महाग असे. मूळचं गाणं मी पुसून टाकलं.

भाऊने ते ऐकलं आणि मान हलवली. "हा मी नाई बाबू."

"तूच हायेस. आपला आवाज आपल्याले असाच वेगळा लागते."

"पण इतका बारीक?"

"मशीनले खोटं बोलता येते का, भाऊ?"

मी शिकलेला, मी सांगतो म्हणजे तसंच असेल, असा त्याचा हिशेब.

दुकानाचा मालक ती टेप सभांमध्ये लावू लागला. लोक विचारत, गवय्या कोण. हिंगणीच्या लोकांनी बोलावणं पाठवलं. भाऊ नवं धोतर नेसून उभा राहिला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात गायला. छान गायला. पण लोक टेप ऐकून आले होते.

"पोराले घरी ठेवून बापाले आणलं का बे?" मागून कोणी ओरडलं. सगळा मंडप हसला.

भाऊने कडवं अर्धंच सोडून माझ्याकडे पाहिलं. मी ॲम्प्लिफायरजवळ उभा होतो. रांजणाचं, चिकटपट्टीचं तेव्हाच सांगता आलं असतं. पण मग मशीनचं नाव गेलं असतं, आणि माझंही. मी माइक हातात घेऊन म्हणालो, "मंडळी, माफ करा. आज त्यांचा घसा बसला हाय."

परतताना बैलगाडीत तो हळूच म्हणाला, "माया घसा कवा बसला बाबू? मले तं काही समजलं नाई."

"थंडीनं होते."

काढा प्यायला, ज्येष्ठमध चघळला, आंबट सोडलं. बरं होण्यासारखं काही नव्हतंच, तर बरं काय होणार? तो घरात उगाच एखादी ओळ म्हणे आणि टेपसारखी येत नाही म्हणून थांबे. पुढे थांबणंच राहिलं.

त्याच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी फार आग्रह केला. स्पीकर आमच्याच दुकानाचा होता. मी माइक त्याच्यापुढे धरला. त्याने तो हाताने बाजूला सारला.

"गेला तो आवाज," तो पाहुण्यांना म्हणाला. "माया भावाले इचारा, त्यानंच ओळखलं होतं पहिल्यांदा."

पाहुणे माझ्याकडे वळले. मी होकारार्थी मान हलवली.