काळ्या मशीनचा कैवारी

घरोघरी केबल आली तेव्हा चिक्कडपल्लीत एक व्हिडिओ गेमवाला होता. नाव मी कधी विचारलं नाही. दुकान हातभर, त्यात दोन कंपन्यांच्या मशीन, एक लाल, एक काळी. खेळ एकच, तिसऱ्याच कंपनीचा, पण दोन्ही मशीनसाठी कॅसेट वेगळी. जिची कॅसेट खपेल, तिच्या बरणीत तो चिंचोका टाकी. दसऱ्याला जिची बरणी कमी भरेल तिचा माल बंद, असं त्याचं भावाशी ठरलं होतं. भाऊ लालवाला. याचा सगळा जीव काळीवर. बोलतानाही बोटं काळीच्याच बरणीवर वाजत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेले, तर दुकानात गिऱ्हाईक नाही आणि हा काळीच्या बरणीत चिंचोका टाकतोय.

"चोट्ट्या, विकलीस कुणाला?"

"मैंच लिया अम्मा, घर कू. नहीं तो काली हारती ना!"

"मला लाल दे. नातीकडे लाल मशीन आहे."

"नक्को अम्मा, काली लेव! खेल तो एकीच है."

"मशीन तुझा बाप देणार?"

तो खो खो हसला आणि लाल कॅसेट दिली. चिंचोका मीच लालच्या बरणीत टाकला. त्याच्यावर भरवसा नव्हता.

मी पायरी उतरेपर्यंत तो घरासाठी आणखी एक काळी कॅसेट बांधायला लागला होता.